उजनीची जलपर्णी आणि लॉगरिथमचा हिशेब

'लॉगरिथम' हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें बारीक आंकड्यांनीं भरलेलें एक चोपडें उभें राहतें. मॅट्रिकच्या वर्षीं तें उघडावें, त्यांतून चार आंकडे उतरून घ्यावे, बेरीज करावी, पुन्हां चोपडें उलट्या बाजूनें पाहावें आणि उत्तर लिहावें, एवढाच त्याचा उपयोग बहुतेकांस ठाऊक असतो. आतां तर खिशांतल्या मोबाइलवर कसलाहि गुणाकार क्षणांत होतो. तेव्हां लॉगरिथम अडगळींत टाकावें असें कोणी म्हटल्यास नवल नाहीं. परंतु कोष्टकें मागें पडलीं म्हणून त्यांमागचा विचार जुना होत नाहीं. एखादी वस्तु गुणाकारानें वाढत असेल तर ती केव्हां कोठवर पोंचेल, आणि तिला आवर घालावयाचा तो केव्हां व किती, या प्रश्नांचीं उत्तरें आजहि लॉगरिथमच्या विचारांतूनच मिळतात. हा विचार केवळ फळ्यावरचा राहूं नये म्हणून त्यासाठीं आज मी उदाहरण घेणार आहें तें सोलापूर जिल्ह्यांतील उजनी धरणाच्या कांठचें.

भीमा नदीवर माढा तालुक्यांत उजनी येथें बांधलेलें हें धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. पूर्ण भरला असतां त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं जवळजवळ ६४ अब्ज घनफूट हा मृत सांठा आणि बाकीचा उपयुक्त. करमाळा तालुक्यांतील केत्तूर, चिखलठाण, कुगांव अशीं गांवें एका तीरावर, तर समोर पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुका. या पाण्यावर कांठचा ऊस आणि केळी उभी आहे, मासेमारी चालते, आणि याच पाण्यानें सोलापूर शहराची तहान भागते. परंतु या जलाशयांत पावसाचें पाणी तेवढें येतें असें नव्हे. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठा यांच्या वाटेनें भीमेस मिळतें आणि भीमा तें उजनींत आणून सोडते. म्हणजे आज हें भाषण ऐकणाऱ्या कित्येक घरांतील न्हाणीघराचें पाणी त्या जलाशयाच्या वाटेवर आहे, आणि कित्येक घरांतील माठांत तेथूनच आलेलें पाणी आहे.

या सांडपाण्यांत नत्र आणि स्फुरद हीं द्रव्यें विपुल असतात. शेतांत ज्यांना आपण खत म्हणतों तींच हीं. त्यांवर जी वनस्पति पोसते तिचें नांव जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतली. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीं हौशी लोकांनीं ती देशोदेशीं नेली, आणि नंतर ती कोणाच्याच आटोक्यांत राहिली नाहीं. तिच्या बुडाशीं पाण्यावर आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोंकाशीं नवें रोप तयार होतें, आणि त्या रोपास पुन्हां धुमारे फुटतात. हवा उबदार आणि पाणी खतावलेलें असलें म्हणजे तिचें क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतें. पाण्यावर तिची दाट गादी पसरली कीं खालीं उजेड पोंचत नाहीं, पाण्यांतील प्राणवायु घटतो, मासे तडफडतात, जाळें टाकावयास जागा राहत नाहीं, होडीचें वल्हें अडकतें आणि शेतकऱ्यांच्या विद्युत्पंपांच्या तोंडाशीं मुळ्यांचे झुबके येऊन बसतात.

आतां गणिताकडे वळूं. हिशेबाच्या सोयीसाठीं दुपटीचा काळ पंधरा दिवस, म्हणजे एक पंधरवडा, धरूं. कांठच्या एखाद्या वळणांत आज एक गुंठा जलपर्णी आहे. एका पंधरवड्यानें ती दोन गुंठे होईल, दोन पंधरवड्यांनीं चार, तीन पंधरवड्यांनीं आठ, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. दहा पंधरवडे, म्हणजे पांच महिने, लोटले कीं १०२४ गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर हें ध्यानांत घेतल्यास एका गुंठ्याचे साडेपंचवीस एकरांहून किंचित् अधिक झाले. यांत २ हा पाया, पंधरवड्यांची संख्या हा घातांक, आणि येणारें क्षेत्र हा घात. घातांकांचे नियम शाळेंत पाठ करावयास लावतात. पण येथें ते डोळ्यांनीं दिसतात. तीन पंधरवड्यांत आठपट आणि पुढच्या दोन पंधरवड्यांत चौपट, मिळून पांच पंधरवड्यांत बत्तीसपट. क्षेत्रें गुणिलीं गेलीं, पंधरवडे मात्र मिळविले गेले. घातांची भाषा गुणाकाराची आणि घातांकांची भाषा बेरजेची, ही एक गोष्ट पक्की झाली म्हणजे पुढचें सारें तिच्यांतूनच निघतें.

गांवकऱ्याचा प्रश्न बहुधा उलट असतो. तो विचारतो, "हें वळण पंचवीस एकरांचें, म्हणजे हजार गुंठ्यांचें आहे, तें सगळें भरावयास किती पंधरवडे लागतील?" नऊ पंधरवड्यांनीं ५१२ गुंठे होतात, दहांनीं १०२४, तेव्हां उत्तर नऊ आणि दहा यांच्या मध्यें कोठें तरी, दहाच्या अगदीं जवळ आहे. २ चा कितवा घात घेतला म्हणजे १००० होतात, त्या 'कितव्या'चेंच नांव '२ या पायावर १००० चा लॉगरिथम'. लॉगरिथम म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून तो घातांकच आहे. फक्त तो सांगितलेला नसून विचारलेला घातांक आहे.

ही व्याख्या नीट समजली तर विद्यार्थ्यांना भिववणाऱ्या कित्येक राशी आपोआप सोप्या होतात. पाया २ लिहिला आहे आणि त्याच्या डोक्यावर घातांकाच्या जागीं '२ या पायावर १००० चा लॉग' असें लिहिलें आहे. किंमत काय? पुष्कळ मुलें येथें कोष्टक शोधूं लागतात. पण राशि काय म्हणते तें मराठींत वाचून पाहा: "२ चा जितवा घात घेतला असतां १००० होतात, तितवा घात घ्या." अर्थातच १०००. ज्या गांवीं जाणारी वाट आहे त्याच वाटेनें गेल्यास त्याच गांवीं पोंचणार.

आतां घातांकांत थोडी भर घालूं. पाया २, आणि घातांक '२ या पायावर ५ चा लॉग, अधिक ३'. घातांकांतील बेरीज म्हणजे घातांचा गुणाकार; म्हणून ५ गुणिलें २ चा तिसरा घात, म्हणजे ५ गुणिलें ८, उत्तर ४०. उजनीच्या कांठीं याचा अर्थ असा कीं आज पांच गुंठे असलेली जलपर्णी तीन पंधरवड्यांनीं चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर होईल. अधिक तीनच्या जागीं उणें तीन असतें, तर ५ ला ८ नीं भागावयाचें, आणि आजच्या पांच गुंठ्यांमागें तीन पंधरवड्यांपूर्वीं सुमारें दहा आणे गुंठा जलपर्णी होती असें समजावयाचें.

येथें एक खांचखळगा आहे तो दाखवून ठेवतों. घातांकांत 'लॉग अधिक ३' असणें वेगळें आणि 'लॉगची तिप्पट' असणें वेगळें. पाया २ आणि घातांक '२ या पायावर ५ च्या लॉगची तिप्पट' असेल, तर लॉगच्या मागचा तो ३ आधीं ५ च्या डोक्यावर घातांक म्हणून चढवावा. ५ चा तिसरा घात १२५, आणि उत्तर १२५. एकांत ४० तर दुसऱ्यांत १२५. तसेंच ५ चा लॉग अधिक ८ चा लॉग म्हणजे १३ चा लॉग नव्हे, तो ४० चा लॉग होय. आणि तिसरी सावधगिरी पायाची: खालचा पाया आणि लॉगचा पाया एकच असला तरच दोघे एकमेकांस रद्द करतात. खालीं ४ आणि वर '२ या पायावर ५ चा लॉग' असेल, तर ४ म्हणजे २ चा वर्ग हें ओळखून आधीं पाया २ करावा. मग घातांकांत त्या लॉगची दुप्पट येते आणि उत्तर ५ चा वर्ग, म्हणजे २५, असें मिळतें.

हा दुपटींचा विचार आपल्या देशांत उलट्या बाजूनें फार पूर्वीं मांडला गेला होता. षट्खंडागम या प्राकृत जैन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनीं राष्ट्रकूटांच्या काळांत, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभीं, 'धवला' नांवाची टीका लिहिली. तींत 'अर्धच्छेद' अशी संज्ञा येते. एखादी संख्या किती वेळां निम्मी केली असतां एकावर येते, ती गणति म्हणजे तिचे अर्धच्छेद. बत्तिसाचे सोळा, आठ, चार, दोन, एक. म्हणून बत्तिसाचे अर्धच्छेद पांच. हाच २ या पायावरील लॉगरिथम. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्या दोघींच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमहि त्या टीकेंत आहे. हा ग्रंथ हीरालाल जैन यांनीं संपादून १९३९ पासून अमरावतीहून छापण्यास आरंभ केला, आणि पुढें त्याच्या नव्या आवृत्त्या सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघानें काढल्या, ही गोष्ट त्या जिल्ह्याच्या रहिवाशांस अभिमानाची वाटावी.

युरोपांत जॉन नेपियर या स्कॉटिश गृहस्थानें १६१४ मध्यें लॉगरिथमचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि हेन्री ब्रिग्ज यानें १६२४ मध्यें १० या पायावरचीं विस्तृत कोष्टकें छापलीं. आपण शाळेंत वापरलेलीं कोष्टकें या दहाच्या पायाचींच. मग आपला पाया २ असतां त्यांचा उपयोग कसा करावा? अगदीं सोपा. २ चा अमुक घात १००० आहे. दोन्ही बाजूंचा दहाच्या पायावर लॉग घ्यावा. घातांक लॉगच्या पुढें गुणक होऊन उतरतो. २ चा लॉग ०.३०१० आणि १००० चा लॉग ३. म्हणून पंधरवड्यांची संख्या गुणिलें ०.३०१० बरोबर ३, आणि भागाकार केला असतां पंधरवडे ९.९७ येतात. दिवस झाले सुमारें १५०. नऊ आणि दहा यांच्या मध्यें असलेलें जें उत्तर आपण अंदाजानें म्हटलें होतें तें असें नेमकें हातीं लागलें.

याच रीतीनें पाया बदलून संपूर्ण वाढ नव्या भाषेंत लिहितां येते. २ म्हणजे १० चा ०.३०१० वा घात. तेव्हां दर पंधरा दिवसांस दुप्पट होणारी वस्तु किती दिवसांत दहापट होईल? पंधरास ०.३०१० नें भागा. उत्तर ५० दिवस, पुरते पन्नासहि नव्हेत, किंचित् कमी. आणि एका दिवसाची वाढ हवी असेल तर ०.३०१० ला पंधरांनीं भागून येणाऱ्या ०.०२०१ या लॉगची संख्या पाहा. ती सुमारें १.०४७ आहे, म्हणजे रोजची वाढ जवळजवळ पावणेपांच टक्के. पंधरा दिवसांत दुप्पट, पन्नास दिवसांत दहापट, रोज पावणेपांच टक्के: राशि तीन, वाढ एकच. घातांकाची राशि सोपी करणें म्हणजे तिची किंमत न बदलतां ती आपल्या प्रश्नास सोयीच्या पायावर आणणें, एवढेंच.

आतां ज्यासाठीं हा एवढा खटाटोप केला त्या मुद्द्यावर येतों. समजा, जलाशयाच्या एका भागांत शंभर एकरांवर जलपर्णी पसरली आहे. यंत्रें आणलीं, होड्या लावल्या, माणसें लावलीं, आणि शंभरांपैकीं नव्वद एकर पाणी मोकळें केलें. पाहणाऱ्यास काम जवळजवळ संपलें असेंच वाटेल. पण उरलेले दहा एकर पुन्हां शंभर होण्यास किती दिवस लागतील? दहापट होण्याचे दिवस आपण आतांच काढले: पन्नास. नऊ दशांश काम करून अवघे पन्नास दिवस पदरांत पडले.

काम तेथें न थांबवितां उरलेल्या दहांपैकीं आणखी नऊ एकर काढले, तर शिल्लक एक एकर. एकाचे शंभर होण्यास दोन दहापटी, म्हणजे शंभर दिवस. आणि त्या एका एकरांतूनहि छत्तीस गुंठे काढून केवळ चार गुंठे राहूं दिले, तर तीन दहापटी, म्हणजे दीडशें दिवस. हा हिशेब पुन्हां एकदां लक्ष देऊन ऐका. पहिल्या नव्वद एकरांनीं पन्नास दिवस दिले; पुढच्या नऊ एकरांनीं पन्नास दिवस दिले; आणि शेवटच्या छत्तीस गुंठ्यांनींहि तितकेच पन्नास दिवस दिले. क्षेत्र गुणाकारानें घटत गेलें, आणि मिळणारा अवधि बेरजेनें वाढत गेला. हाच लॉगरिथमचा मुख्य गुणधर्म, आणि येथें त्याला पैशाची व श्रमाची किंमत आहे. मोहीम नव्वद टक्क्यांवर संपवून समाधान मानणें म्हणजे सर्वांत महाग पन्नास दिवस विकत घेऊन सर्वांत स्वस्त शंभर दिवस सोडून देणें होय. शेवटचे गुंठे कांठच्या झुडपांत आणि वळणांत विखुरलेले असल्यामुळें ते वेंचण्यास दर गुंठ्यामागें श्रम अधिक पडतात, हें खरें. परंतु ते दुप्पट, चौपट, अगदीं दसपट पडले, तरी नव्वद एकरांच्या श्रमाशीं त्यांची तुलना होत नाहीं.

हाच नियम मागें लावून पाहिला तर सावध केव्हां व्हावें हेंहि कळतें. जो भाग आज पूर्ण झांकला गेला आहे तो पंधरा दिवसांपूर्वीं निम्मा मोकळा होता. पन्नास दिवसांपूर्वीं त्याच्या दहाव्या हिश्शावरच जलपर्णी होती, आणि शंभर दिवसांपूर्वीं शंभराव्या हिश्शावर. शंभरावा हिस्सा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. तेथें तक्रारअर्ज होत नाहींत आणि छायाचित्रें काढावयास कोणी जात नाहीं. पण होडी घेऊन चार माणसांनीं दोन दिवसांत उपटण्याजोगी ती त्याच वेळीं असते.

यापुढचा प्रश्न शहरांचा आहे. सांडपाणी शुद्ध करून सोडलें, पाण्यांतील खत कमी झालें, आणि त्यामुळें दुपटीचा काळ पंधरा दिवसांवरून तीस दिवसांवर गेला, असें समजूं. पुष्कळ जण म्हणतील, वेग निम्मा झाला तर जलपर्णीहि निम्मी होईल. घातांक तसें म्हणत नाहीं. दीडशें दिवसांत पूर्वीं दहा दुपटी होत होत्या. आतां पांच होतील. घातांक निम्मा झाला म्हणजे घाताचें वर्गमूळ होतें. एका गुंठ्याचे १०२४ गुंठे होत होते तेथें आतां ३२ होतील. साडेपंचवीस एकरांच्या जागीं एक एकरहि पुरता नाहीं. उपटण्यानें आपण पायरी खालीं उतरतों. सांडपाणी आवरण्यानें जिन्याचा चढच कमी होतो. म्हणून उजनीच्या कांठीं कितीहि यंत्रें उभीं केलीं, तरी पुणें आणि पिंपरी-चिंचवड येथील शुद्धीकरणाचें काम त्यांहून मोलाचें ठरतें, असें हें गणित सांगतें.

गणिताच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. दुपटीचा नियम जागा मोकळी असेपर्यंतच चालतो; पाणी झांकलें गेलें कीं वाढ मंदावते. थंडींत तिचा वेग उतरतो, पावसाळ्याच्या पुरांत तिचे ताटवे वाहून जातात, आणि वरच्या नद्यांतून नवे येतातहि. तिचें बीं तळाच्या गाळांत अनेक वर्षें जीव धरून राहतें. तेव्हां पन्नास दिवस हा आंकडा पंचांगांतल्या तिथीसारखा मानूं नये. दुपटीचा काळ पंधराच्या जागीं दहा किंवा वीस दिवस निघाला तर तो आंकडा बदलेल. परंतु दर दहाव्या हिश्शामागें सारखाच अवधि मिळतो, ही गोष्ट बदलणार नाहीं. कारण ती हवामानावर नव्हे, लॉगरिथमच्या स्वभावावर अवलंबून आहे.

घरीं मुलें असतील त्यांच्यासाठीं दोन उदाहरणें ठेवून हें भाषण पुरें करतों. पहिलें: पाया १०, आणि घातांक '१० या पायावर ३ च्या लॉगची दुप्पट, अधिक ५ चा लॉग', उत्तर कोष्टक न उघडतां यावें, तें ४५ आहे. दुसरें: शंभर एकरांपैकीं पंचाहत्तर एकर जलपर्णी काढली, तर किती दिवसांचा अवधि मिळाला? येथें कागदाचीहि गरज नाहीं. उरला चवथा हिस्सा. चाराचे अर्धच्छेद दोन. म्हणून दोन पंधरवडे, तीस दिवस. पाऊणशें एकर साफ करून महिनाभराचीच सवड मिळते, हें उत्तर ज्या मुलास स्वतः काढतां येईल, त्यास लॉगरिथम समजलें असें खुशाल समजावें.